आपले दप्तर आपल्या घरी



वसंत ऋतूत व्याख्याने भरवावयाची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ मध्ये पाडली. त्या चालीचा सर्वात मोठा लाभ कोणाला झाला असेल, तर तो ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही त्यांना. मी त्यांपैकीच एक आहे. माझे शाळेतील शिक्षण सातवीत संपले. त्यापुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या आवारात आणि अशाच व्याख्यानांच्या सतरंजीवर. तेव्हा आज व्यासपीठावर उभा असलो, तरी माझी खरी जागा तुमच्यातच आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

माझा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. पगारवाढ, बोनस, कापसाचा भाव यांवर बोलणाऱ्या माणसाने यंत्रावर का बोलावे? आणि तेही घरातल्या यंत्रावर? पण विषय नीट उलगडला म्हणजे तो माझ्याच धंद्याचा आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

गोष्ट अशी आहे. घरात एक लहानसा संगणक रात्रंदिवस चालू ठेवावयाचा. घरातील कागद, छायाचित्रे, ध्वनिफिती, चित्रफिती त्यात साठवावयाच्या. आणि घरातील प्रत्येकाला आपापल्या मोबाईलवर किंवा टी.व्ही.वर त्या हव्या तेव्हा पाहता-ऐकता याव्यात, अशी जोडणी करावयाची. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे सेवा करणारा, आपल्या भाषेत घरगडी. मी मात्र त्याला घरचे दप्तर म्हणतो. कारण दप्तर या शब्दात जो अधिकार आहे, तो गडी या शब्दात नाही. ज्याच्याकडे दप्तर असते, त्याच्याकडे पुरावा असतो. आणि ज्याच्याकडे पुरावा असतो, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते.

याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, आणि त्या जमिनींपैकी काही भागावर गिरणी कामगारांना घरे द्यावयाचे ठरले. पण घर कोणाला? जो १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता त्याला, किंवा त्याच्या वारसाला. पटावर होता हे कशावरून? गिरणीच्या ओळखपत्रावरून, तिकीट नंबरावरून, पगाराच्या चिठ्ठीवरून, प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावरून. म्हणजे पहा, ज्या माणसाने तीस वर्षे साच्यावर उभे राहून काढली, त्याची ती तीस वर्षे अखेर कागदाच्या एका चिठोऱ्यात येऊन बसली. ज्याच्या पत्र्याच्या पेटीत ती चिठ्ठी होती, तो रांगेत उभा राहू शकला. ज्याची चिठ्ठी कोकणातल्या घरी पावसाने भिजून गेली, त्याच्या मुलाला बापाची उभी हयात सिद्ध करीत हिंडावे लागले.

आपल्या भागात काही वेगळे नाही. हिंगणघाटचा कापूस गेल्या शतकाच्याही आधीपासून नावाजलेला. आपल्या जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंगची कामे आहेत, सूतगिरण्या झाल्या, कापडगिरण्या झाल्या आणि त्यांतल्या काही बंदही पडल्या. जिनातली कामे तर हंगामी. चार-पाच महिने काम, मग माणूस पुन्हा वावरात. अशा एका हंगामी कामगाराचे पेन्शनचे प्रकरण मी चालविले आहे. मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. कामगाराचे म्हणणे, माझे अठरा हंगाम भरले; मालकाचे म्हणणे, आमच्या रजिस्टरात नऊच दिसतात. त्या कामगाराच्या घरच्या बाईने दर दिवाळीला मिळालेली बोनसची चिठ्ठी देव्हाऱ्याच्या मागे ठेवली होती. अठरापैकी सोळा चिठ्ठ्या तिथे निघाल्या. मालकाचे रजिस्टर मागे सरले आणि देव्हाऱ्यामागचे दप्तर पुढे आले. मी वकिली शिकलेला नाही, पण पुराव्याचा कायदा मी त्या बाईपासून शिकलो.

आता विचार करा, आजच्या चिठ्ठ्या कोठे आहेत? पगार बँकेत जमा होतो आणि त्याचा संदेश मोबाईलवर येतो. नेमणुकीचे पत्र व्हॉट्सॲपवर येते, कामावरून काढल्याचेही त्यावरच येते. आजोबांचा आवाज मोबाईलमध्ये, मुलीच्या लग्नाची चित्रफीत मोबाईलमध्ये, सातबाऱ्याचा फोटोही मोबाईलमध्ये. आणि मोबाईल विहिरीत पडला, चोरीला गेला, की देव्हाऱ्यामागची जागा रिकामी!

यावर तरुण मंडळी म्हणतात, “काकाजी, सगळे क्लाउडवर असते.” क्लाउड म्हणजे ढग, पण ही वस्तू ढगात नसते. ती कोण्या मोठ्या कंपनीच्या वखारीत, तिच्या संगणकांवर, तिच्या मालकीच्या तबकड्यांवर असते. ही सोय चांगली आहे, मी स्वतः ती वापरतो, तिला शिव्या देण्यात अर्थ नाही. मालकाला शिव्या देऊन करार सुधारत नसतो. करार वाचावा लागतो. आणि हा करार वाचला तर असे दिसते की, वखार कंपनीची, नियम कंपनीचे, आणि नियम बदलण्याचा अधिकारही कंपनीचाच.

या अधिकाराचा वापर कसा होतो, ते पहा. ऑर्कुट नावाचे संकेतस्थळ आपल्याकडील तरुणांत घरोघरी पोहोचले होते. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सवर हजारो मंडळांची वर्षानुवर्षांची पत्रे होती. तेही डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. मायस्पेस नावाच्या ठिकाणी गायक-वादक आपली गाणी ठेवीत. २००३ ते २०१५ या काळात तेथे ठेवलेली गाणी, पाच कोटींच्या घरात, सामान हलविताना नष्ट झाली, असे मार्च २०१९ मध्ये जगाला कळले. गूगलने छायाचित्रांना अमर्याद फुकट जागा दिली होती. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली आणि १५ जीबीच्या पुढे भाडे लागू झाले. डिसेंबर २०२३ पासून तर असा नियम आला की, दोन वर्षे कोणी न उघडलेले खाते कंपनी काढून टाकू शकते. म्हणजे घरातला कर्ता माणूस गेला, त्याचा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नाही, तर दोन वर्षांनी त्याचे सारे फोटो, सारी पत्रे जाऊ शकतात. आपल्याकडे वर्षश्राद्धानंतरही माणसाची पेटी कोणी उघडत नाही, अशी घरे आहेत. त्या घरांनी काय करावे?

यातले काहीही बेकायदेशीर नाही, हेही मी तुम्हाला सांगतो. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने ओंजळ केव्हा मिटेल, याचा हिशेब आधी करावयाचा असतो, एवढेच.

इतिहासातही हेच आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. हे कागद त्यांना कोठे मिळाले? जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर, वाड्यांतल्या रुमालांत. त्यासाठी ते गावोगाव पायपीट करीत हिंडले. जे वाळवीने खाल्ले, जे वाण्याच्या पुड्यांना गेले, ते गेलेच. जे कोणा घरात कोरड्या जागी बांधून ठेवलेले होते, तेवढाच आपला इतिहास. पण ती घरे सरदारांची, कुळकर्ण्यांची, देशमुखांची होती. कष्टकऱ्याच्या घरी रुमाल नव्हता, कारण त्याच्या घरी लिहिणारे कोणी नव्हते.

त्याच्या घरी दुसरे एक दप्तर होते, तोंडी. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करावयास घेतल्या आणि हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या उतरून काढल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील हजारो ओव्या टेपवर उतरल्या. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या. तरी ते काम बुडाले नाही, कारण ते एका माणसाच्या कपाटात अडकलेले नव्हते. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या दप्तराने त्या ओव्या जगापुढे आणल्या. आज जाते थांबले आहे, दळण गिरणीतून येते. पण त्या बायांचा आवाज ऐकू येतो. माझा प्रश्न एवढाच आहे, जो आवाज त्या दोघांच्या टेपवर आला नाही, म्हणजे तुमच्या आजीचा, माझ्या आजीचा, तो कोणी सांभाळावयाचा? राजवाडे दुसऱ्यांदा येणार नाहीत. हे काम ज्याचे त्याच्याच घरात झाले पाहिजे.

आता कृतीकडे वळू. हे काम अवघड नाही, फार खर्चाचेही नाही. मी ते गावातल्या मुलांकडून शिकलो, आणि शिकताना वयाची लाज धरली नाही.

पहिली वस्तू म्हणजे संगणक. नवा घेण्याची घाई करू नका. मुलाच्या कॉलेजचा जुना लॅपटॉप, पडदा फुटलेला, घरात पडून असतो. तो या कामाला चालतो. त्याची बॅटरी चांगली असेल तर आणखी एक लाभ आहे. मागे एका सभेत एका बाईने मला विचारले, “भाऊ, लाइन गेली तर?” प्रश्न अगदी नेमका होता. लाइन अकस्मात गेली तर लिहिता लिहिता तबकडी बिघडू शकते. लॅपटॉपची बॅटरी अशा वेळी त्याला सावरून धरते. मात्र सतत चार्जिंगवर राहून बॅटरी फुगते, तेव्हा महिन्यातून एकदा तिच्यावर नजर टाकावी आणि फुगवटा दिसला तर ती काढून टाकावी. लॅपटॉप नसेल, तर रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक घ्यावा आणि त्याच्या व राऊटरच्या पाठीशी लहानसा यू.पी.एस. लावावा.

विजेचा हिशेब कामगाराने आधी मांडावा. तळहाताएवढा संगणक आणि एक लहान तबकडी मिळून सुमारे १० वॅट घेतात. दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे ७.२ युनिट. जुना लॅपटॉप तबकडीसह २० वॅट धरला, तर १४.४ युनिट. टेबलावरचा जुना मोठा संगणक ६० वॅट घेत असेल, तर ४३.२ युनिट. म्हणून फुकट मिळालेला मोठा संगणक प्रत्येक वेळी स्वस्त पडतोच असे नाही. फुकटचा बैलही वैरण खातोच.

दुसरी वस्तू तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क. एक टीबीची तबकडी म्हणजे एक हजार जीबी. कागदाचे एक पान नीट वाचता येईल असे उतरवून घेतले तर साधारण एक एमबी होते. म्हणजे त्या तबकडीत दहा लाख पाने मावतील. आपल्या युनियनच्या साऱ्या कपाटांत मिळून एवढी पाने नसतील. एक तासाची कॅसेट ऐकण्याजोग्या एमपी३ प्रतीत उतरवली तर ५८ एमबी होते. चित्रफीत मात्र खादाड असते. चांगल्या प्रतीचा एक तास तीन-चार जीबी सहज खातो. तेव्हा आधी कागद, मग आवाज, मग फोटो आणि शेवटी सिनेमे, असा क्रम ठेवा. पुष्कळ घरांत तो उलटा असतो.

ही यंत्रे ठेवावयाची कोठे? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली, बंद कपाटात किंवा चुलीच्या भिंतीला लागून तबकडी ठेवली तर ती लवकर मरते. घरातील सर्वात गार, कोरड्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवावी. धान्याची कोठी ठेवताना आपली आई जो विचार करी, तोच येथे करावयाचा.

तिसरी वस्तू म्हणजे त्या संगणकाला चालविणारी आज्ञावली. ती विकत घ्यावी लागत नाही आणि चोरावीही लागत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचे बीज टाकले. जगभरच्या माणसांनी ते वाढविले. १९९३ पासून डेबियन नावाची तिची एक बांधणी स्वयंसेवक चालवीत आहेत. घरातील सर्व संगणकांना एकाच कोठीतल्या फायली दिसाव्यात, यासाठी सांबा नावाची आज्ञावली आहे. तिचा आरंभ ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी केला. आणि गाणी व चित्रफिती मोबाईलवर, टी.व्ही.वर लावण्यासाठी जेलीफिन आहे.

या जेलीफिनची हकिगत कामगाराने ऐकण्यासारखी आहे. एम्बी नावाची अशीच एक आज्ञावली होती. तिची घडण सर्वांना खुली होती आणि अनेकांनी तिच्यात आपले श्रम घातले होते. २०१८ मध्ये तिच्या चालकांनी घडण झाकून टाकावयाचे ठरविले. तेव्हा काम करणाऱ्यांपैकी काहींनी, जेवढी खुली होती तेवढी घडण उचलली आणि त्याच डिसेंबरात नवे नाव देऊन ती पुढे चालू ठेवली. मालकाने दरवाजा लावला, पण अवजारे कामगारांचीच होती. ती घेऊन त्यांनी दुसरे दुकान मांडले! खुल्या आज्ञावलीच्या परवान्यात हा हक्क लिहून ठेवलेला असतो, म्हणून हे शक्य झाले. आपल्या करारांतही असे एखादे कलम असावयास हवे होते, असे मला अनेकदा वाटले आहे.

जोडणी अशी. संगणक राऊटरला वायरने जोडावा, हवेतून नको. राऊटरमध्ये त्याचा घरातला पत्ता कायमचा नेमून द्यावा, म्हणजे रोज शोधावा लागत नाही. मग मोबाईलवर तो पत्ता टाकला की कोठी उघडते. येथे एक गैरसमज दूर करतो. घरातल्या घरात हे चालावयास इंटरनेट लागत नाही. बाहेरची तार तुटली तरी राऊटर चालू आहे तोवर आजीचा आवाज नातवाच्या मोबाईलवर ऐकू येईल. गाणे बाहेरून येत नसते, शेजारच्या खोलीतून येत असते. आणखी एक बारकावा आहे. मोबाईलला जो प्रकार थेट समजतो, त्याच प्रकारात चित्रफीत ठेवावी. नाहीतर सर्व्हरला ती वाजविता वाजविता बदलून द्यावी लागते आणि दुबळा संगणक त्या कामात धापा टाकतो. आवाजाची मूळ प्रत मात्र उत्तम प्रतीची ठेवावी आणि ऐकण्यासाठी लहान प्रत वेगळी करावी. ज्वारीतही बियाण्याची आणि खाण्याची आपण वेगळी ठेवतोच.

एवढे झाले म्हणजे काम संपले, असे ज्याला वाटेल त्याने हे काम सुरूच न करणे बरे. कारण तबकडी ही मर्त्य वस्तू आहे. चार-पाच वर्षे झाली की तिची बदली मनात धरावी. पुष्कळ जण एका पेटीत दोन तबकड्या आरशासारख्या जोडतात. एक मेली तरी दुसरी चालते. ही सोय चांगली, पण ती राखीव प्रत नव्हे. तुमच्या हातून फाईल पुसली गेली, तर आरशातलीही पुसली जाते. चोराने पेटी नेली, तर आरसाही जातो.

म्हणून जगातील जाणकारांनी एक नियम घातला आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. घराबाहेर का, ते आपल्या महाराष्ट्राने दोनदा पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. २१ जून २०१२ रोजी प्रत्यक्ष मंत्रालयाला आग लागली आणि फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे जळून गेले. राज्याच्या मुख्य कचेरीची जर ही स्थिती, तर अल्लीपुरातल्या माझ्या खोलीची काय कथा!

ही घराबाहेरची प्रत कोठे ठेवावी? येथे युनियनचे तत्त्व उपयोगी पडते. माझी प्रत कुलूपबंद करून तुझ्या घरी, तुझी माझ्या घरी. कुलूपबंद म्हणजे सांकेतिक लिपीत, परवलीच्या शब्दावाचून न उघडणारी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तबकडी आणावयाची, नवी भर घालावयाची, परत न्यावयाची. यात इंटरनेटचा पैसा लागत नाही, आणि दोन घरांचे येणे-जाणे राहते, तो लाभ वेगळाच. एका घराचे दप्तर एकट्याने टिकत नाही. दोन घरे एकमेकांची जामीन राहिली म्हणजे टिकते. आपण संघटना याहून वेगळ्या कशासाठी करतो?

आता कुलपाविषयी. बाहेरगावाहून आपली कोठी उघडता यावी, असा मोह प्रत्येकाला होतो. पुण्यास शिकणाऱ्या मुलीला घरची गाणी ऐकावीशी वाटतात, आणि ते रास्तच आहे. पण त्यासाठी राऊटरचा दरवाजा सताड उघडा टाकू नका. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप या कंपनीच्या घरगुती साठवणपेट्यांवर डेडबोल्ट नावाचा हल्ला झाला. ज्यांच्या पेट्या इंटरनेटवर उघड्या होत्या, त्यांच्या फायलींना दरोडेखोरांनी आपले कुलूप घातले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. बाहेरून यावयाचे असेल तर वायरगार्डसारखा बंदिस्त बोगदा करावा. ज्याच्या हाती किल्ली तोच त्यातून येईल. आणि आज्ञावलीच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात.

संघटनेच्या दप्तराविषयी तर मी अधिक कडक आहे. त्यात कामगारांची नावे असतात, आधारचे आकडे असतात, मालकाविरुद्ध कोणी जबाब दिला ते असते. असा कागद शेदोनशे माणसांच्या गटावर टाकणे म्हणजे आपल्याच माणसाला मालकाच्या तोंडी देणे होय. तो घरच्या कोठीत, वेगळ्या कुलपात, दोघांच्याच हाती असावा. युनियनच्या खात्यातून पैसे काढावयास दोन सह्या लागतात. येथेही तसेच करावे.

मूळ कागद मात्र फेकून देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातील नोंद पुराव्यात घेता येते, पण तिच्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ चिठ्ठी हाती असेल, तर तेवढी यातायात वाचते. दप्तरातली प्रत ही मूळ चिठ्ठीची सोबतीण आहे, सवत नव्हे.

सिनेमा-गाण्यांविषयीही दोन शब्द. विकत घेतलेली कॅसेट स्वतःच्या घरी ऐकण्यासाठी उतरवून ठेवणे वेगळे, आणि तिच्या प्रती काढून गावभर वाटणे वेगळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो. गायक, वादक, तंत्रज्ञ हेही कामगारच आहेत. आपल्या श्रमाचे मोल मागणाऱ्याने दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडवू नये.

शेवटचा भाग शिस्तीचा आहे, आणि खरे काम त्यातच आहे. फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे विषय लिहावा, म्हणजे कागद आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. फोटोतील माणसांची नावे आजच लिहून ठेवावी. दहा वर्षांनी ती सांगणारा उरत नाही. वर्षातून दोनदा राखीव प्रतीवरून एखादी फाईल उघडून पहावी. न उघडलेली राखीव प्रत ही न मोजलेल्या गल्ल्यासारखी असते. आहे म्हणतात, किती आहे ते कोणालाच ठाऊक नसते. आणि परवलीचे शब्द कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घरच्या बाईला ते कोठे आहे हे सांगून ठेवावे. पुरुष मंडळी येथेच चुकतात. यंत्र लावतो मुलगा, किल्ली ठेवतो बाप, आणि ज्या बाईने सोळा चिठ्ठ्या जपल्या तिला कोठी कशी उघडावयाची ते कोणी दाखवीत नाही. माझे सांगणे असे आहे की, घरच्या दप्तराची चिटणीस घरची बाईच असावी. तो अधिकार तिने आधीच कमावलेला आहे.

मित्रहो, आपल्या या जिल्ह्यात, वर्ध्यास मगनवाडीत, १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी तेथे बसून कागद, तेलघाणी, मधमाशा यांचे प्रयोग चालविले. जे गावात होऊ शकते ते गावाच्या हातून का निसटू द्यावे, हा त्यांचा प्रश्न होता. जगाशी संबंध तोडा, असे त्यात नव्हते. मीही क्लाउड सोडा असे म्हणत नाही. तिसरी प्रत तेथे खुशाल ठेवा. पण पहिली प्रत आपल्या घरी असू द्या आणि तिचा ताबा आपल्या हाती असू द्या. तिच्यासाठी दरमहा काही युनिट वीज आणि एका रविवारची दोन तास मेहनत लागेल. हक्क फुकट मिळत नाही आणि फुकट टिकतही नाही, हे मी तीस वर्षांत शिकलो आहे.

आज घरी गेल्यावर संगणक विकत घ्या, असे मी सांगत नाही. आज एवढेच करा. घरातील सर्वात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, त्याने कोठकोठे काम केले ते विचारा, त्याचा आवाज मोबाईलवर उतरवून घ्या, आणि त्याच्या पेटीतील कागदांचे फोटो काढा. ते दोन ठिकाणी ठेवा. घरच्या दप्तराचे पहिले पान तेच. यंत्र त्यानंतर आले तरी चालेल. माणूस मात्र थांबत नाही.